टांकसाळीची घाण कोणाची?

कुसुंबगडच्या कोष्टी आळीतल्या विहिरीचं पाणी पुन्हा हिरवं झालं होतं! आळीच्या वरच्या अंगाला जुनी टांकसाळ होती. वीस वर्षांपूर्वी रायाजीराव महाराजांनी नाणी पाडायचं काम नदीपलीकडे हलवलं, पण राखेचे ढिगारे, फुटक्या मुशी आणि तेजाबाची भांडी तिथंच टाकून दिली. पाऊस पडला की तो सगळा विखार ओघळून विहिरीत यायचा. त्या वर्षी दोन म्हशी दगावल्या, पोरांची पोटं बिघडली, तेव्हा कोष्टी मंडळी दरबारात जाऊन उभी राहिली.

महाराज मनाने वाईट नव्हते, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती खाली उतरत नसे. नवा राजवाडा पुरा होईपर्यंत दुसऱ्या कशालाही खजिन्यातून दमडी द्यायची नाही, हे त्यांनी सध्या डोक्यात घेतलं होतं.

"महाराज, टांकसाळ साफ करण्यापेक्षा आळीच उठवलेली स्वस्त पडेल!" दिवाण त्रिंबकपंतांनी सुचवलं. दिवाणजींचे सगळे उपाय असेच स्वस्त असत. महाग पडत ते दुसऱ्यांना.

"ऐका!" महाराज म्हणाले. "दसऱ्यापर्यंत ती जागा साफ करा. खजिन्यातून काही मिळणार नाही, वर्गणी काढायची नाही, सावकाराकडे जायचं नाही. जमलं तर राहा, नाही तर आळी रिकामी करा!"

कोष्टी एकमेकांची तोंडं बघू लागले. चार पिढ्यांचे माग उचलून न्यायचे तरी कुठं? तेवढ्यात मागून हौसाबाई झारेकरीण पुढे आली. सोनारांच्या दुकानातला केर आणायचा, तो धुवायचा आणि त्यातले सोन्याचांदीचे कण काढायचे, हा तिचा धंदा. ती आळीच्या टोकाला एकटी राही आणि तिच्या जिभेला सगळी आळी वचकून असे.

"म्या करते साफ," ती म्हणाली. "पण महाराज, एक इचारू? ती घाण कुणाची?"

"आमची नाही!" महाराज कडाडले. "टांकसाळ हलवली त्या दिवशीच तिथल्या घाणीशी आमचा संबंध संपला!"

"मग तेवढं लिवून द्या की, शिक्का मारून."

दरबार हसला. महाराजही हसले आणि त्यांनी शिक्का मारून कागद दिला.

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. हौसाबाईने आधी एक हौद बांधून त्याला आतून चुना लिंपून घेतला. "धुण्याचं पाणी पुन्हा हिरीत सोडलं, तर मला झारेकरीण कोण म्हणंल?" आळीतले लोक राख वाहून आणत आणि ती मोठ्या लाकडी परातीत धूत बसे. आठ दिवस नुसती राखच!

"हौसाक्का, माग बंद पडलेत गं आमचे!" कोष्टी कुरकुरू लागले.

नवव्या दिवशी तिने ढिगाऱ्यांचा नाद सोडला, टांकसाळीत शिरली आणि बराच वेळ जमिनीकडे बघत बसली. मग चांदी जिथं ओतत असत, तिथली फरशी तिने उखडायला लावली. ओतताना उडालेले थेंब वर्षानुवर्षं फटींतून खाली जाऊन तिथल्या राखेच्या गाळात साचले होते. दुपारपर्यंत परातीच्या तळाशी चांदी चमकू लागली!

मग काय विचारता! त्या चांदीतून गाडीवाल्यांची मजुरी भागली, चुना आला, विहीर उपसली गेली. विखारी राख लांबच्या कोरड्या खाणीत चुन्याच्या थराखाली पुरली जाऊ लागली. दसऱ्याला चार दिवस उरले तेव्हा शेवटच्या चाळीस गाड्या भरून उभ्या होत्या. नेमके तेव्हाच दिवाणजी शिपाई घेऊन आले, आणि सोबत खुद्द महाराज!

"चोरी, महाराज, धडधडीत चोरी! टांकसाळीतली चांदी म्हणजे खजिन्याची चांदी!"

हौसाबाईच्या हातात उरलेल्या चांदीची पिशवी होती. ती गेली की गाडीवाले जाणार, काम अर्धवट राहणार आणि आळी उठणार. कोष्ट्यांचे चेहरे पडले.

"बाई, ही चांदी कोणाची?" महाराजांनी विचारलं.

"आपली म्हणता तर आपली! घिऊन जावा." हौसाबाईने पिशवी पुढे केली. "पण चांदी आपली, तर जिच्यात ती गावली ती घाणबी आपलीच की! ह्या चाळीस गाड्या भरल्यात, बैल जुपलेत. राजवाड्याच्या कुठल्या दारात ओतू?"

तेवढ्यात वारा फिरला आणि पहिल्या गाडीतला भपकारा थेट या मंडळींकडे आला. दिवाणजींनी उपरणं नाकाला लावलं. महाराज दोन पावलं मागे सरले.

"अगं, पण ती घाण आमची नाही! आम्ही लिहून दिलंय!"

"दिलंय नव्हं?" हौसाबाईने पदराच्या गाठीतून कागद काढला. "मग तिच्यातली चांदी आपली कशी, महाराज?"

महाराजांनी कागद पाहिला, गाड्या पाहिल्या, नाक दाबून उभे असलेले दिवाणजी पाहिले आणि पोट धरून हसत सुटले. "पंत, चला इथून! बाईचं काम होऊ द्या!"

दसऱ्याला महाराज पुन्हा आले. विहिरीचं पाणी स्वतः पेलाभर प्यायले. साफ झालेली लांबलचक जागा त्यांनी कोष्ट्यांना सुताचे ताणे पसरायला कायमची देऊन टाकली. आळीने असा काही गलका केला की बैल बुजले!

"हौसाबाई," महाराज म्हणाले, "किल्ल्यामागं तोफांची दारू बनवायचा जुना कारखाना असाच ओस पडलाय. तिथलीही विहीर नासली. तो साफ करशील?"

"तोही फुकटात!" दिवाणजींची कळी खुलली.

"करीन की," हौसाबाई म्हणाली. "पण तिथल्या फरशीखाली काय चांदी न्हाई, महाराज. तवा आधी सांगा, ती घाण कुणाची?"

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी जमिनीकडे बघू लागले. मग महाराज असे खदखदून हसले की पागोटं कानावर आलं.

"आमची गं बाई, आमची! पंत, खजिना उघडा! राजवाड्याचा वरचा मजला राहू द्या वर्षभर!"

आणि त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाबाईला दिलं. तिने ते तळहातावर तोललं, नखाने खरवडून पाहिलं.

"अस्सल हाय," ती म्हणाली आणि परात काखेला मारून किल्ल्याच्या वाटेला लागली.