कोरडे तांदूळ

किती पिढ्यांपूर्वीची ही गोष्ट, ते आता कुणालाच ठाऊक नाही. डोंगराआडच्या एका गावात पेरणीच्या तोंडावर कोठारातून बियाण्याची दोन पोती चोरीला गेली. गावाचा न्यायाधीश मोठा हुशार समजला जाई. त्याने सगळ्यांना चावडीवर बोलावलं आणि एकेकाच्या हातावर चिमूटभर तांदूळ ठेवले.

“चावा आणि थुंका,” तो म्हणाला. “चोराच्या मनात भीती असते. भीतीने तोंड कोरडं पडतं. ज्याचे तांदूळ कोरडे निघतील, तो चोर.”

सगळ्यांचे तांदूळ ओले निघाले. टोपल्या विणणाऱ्या गिरजीचे मात्र कोरडे ठणठणीत. ती एकटीच राहायची. चारचौघांत उभं राहायचं म्हटलं तरी तिचे पाय लटपटायचे.

“मायबाप, मी जन्माचीच भित्री हो,” एवढंच ती बोलू शकली.

तिची म्हातारी शेजारीण पुढे आली. “चोर भितो, हे मानलं. पण भिणारा प्रत्येक जण चोर कसा? आणि चोर निगरगट्ट असला तर?”

“आजी, निवाडा झालाय,” न्यायाधीश म्हणाला.

गिरजीला भर उन्हात रानात हाकललं. कुणी घोटभर पाणीही बरोबर दिलं नाही.

आठ दिवसांत आणखी चार पोती गेली. पुन्हा चावडी भरली, पुन्हा तांदूळ वाटले गेले. पण गिरजीची गत सगळ्यांनी पाहिली होती. माणसं थरथरत चावत होती. एकामागून एक सगळ्यांचे तांदूळ कोरडे निघाले. ओले निघाले ते एकट्या कोठाराच्या राखणदाराचे.

“आता काय?” म्हातारीने विचारलं. “अख्खं गाव चोर?”

न्यायाधीशाचा चेहरा पडला. त्याने घरोघर झडती घ्यायला लावली. सहाही पोती राखणदाराच्या माळ्यावर सापडली.

माणसं रानात धावली. गिरजी आटलेल्या ओढ्यात सापडली. पाण्यासाठी तिने हातांनी वाळू उकरली होती, नखं तुटली होती. जीव कधीच गेला होता.

न्यायाधीशाने फेटा उतरवून तिच्या पायाशी ठेवला. म्हातारीने तो उचलून त्याच्या हातात परत दिला.

“तिला याचा काय उपयोग?” ती म्हणाली.

मुलांनो, थोरांनो, ध्यानात असू द्या: चोर भितो म्हणून भिणारा चोर ठरत नाही, आणि असा उलटा तर्क लावणाऱ्याच्या हातून निरपराधाचा जीव जातो.