चांदीचे डोळे

"पण महाराज, हे पाप त्याचं की त्याच्या आईबापाचं?"

भैरवगिरी महाराज गाभाऱ्याच्या पायरीवर फुलं निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा त्यांचा थोरला शिष्य सोमगिरी. पोथ्या त्याने पुष्कळ वाचल्या होत्या, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

बाहेर ओट्यावर लहानू बोचकं घेऊन बसला होता. जन्मापासून त्याला डावा पंजा नव्हता, आणि सोमगिरीच्या लेखी ते कुणाच्या तरी पापाचं फळ होतं. त्याला दीक्षा हवी होती. नाही म्हटलं असतं, तर बिचारा निमूटपणे घरी परतला असता.

"दीक्षेला देवीला ओंजळभर फुलं वाहायची असतात," सोमगिरी म्हणाला. "ह्याची ओंजळच होत नाही. अपुऱ्या देहाने देवीपुढे उभं कसं राहायचं?"

"देवीला हात किती?"

सोमगिरी गडबडला. मठातली देवी म्हणजे तांदळा, शेंदूर लावलेला नुसता गोल दगड.

"तिला... हात नाहीत. पायही नाहीत."

"मग अपुरी म्हणायची?"

"छे छे! ती पूर्णच आहे."

"आणि लहानू?"

"तो माणूस आहे, महाराज! माणसाला दोन हात असतात."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. म्हणजे... लहानू सोडून."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळेना. पाप, देह, देवी, दगड... डोक्यात नुसता गुंता झाला. इतक्या पोथ्या वाचून ही गत, म्हणून त्याला रडूच यायचं बाकी होतं.

महाराज उठले. तांदळ्यावर मेणाने बसवलेले चांदीचे डोळे त्यांनी हलकेच काढले.

"हे रोज सकाळी तू लावतोस. कशाला? देवीला दिसत नाही?"

"तिला सगळं दिसतं. पण लोकांना नुसता दगड दिसतो ना! डोळे लावले की मग देवी दिसते."

"असं..."

महाराजांनी ते डोळे त्याच्या तळहातावर ठेवले.

"जा. हे लाव आणि लहानूला बघून ये."

सोमगिरी दारापर्यंत गेला. त्याला पाहून लहानू लगबगीने उठला आणि आशेने त्याच्या तोंडाकडे बघू लागला.

सोमगिरी हातातल्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग मागे वळला.

"लावू कुणाला, महाराज? त्याला?"

महाराज पुन्हा फुलं निवडायला बसले होते.

"ज्याला दिसत नसेल, त्याला."