आपण कोण?

यंत्रे आपसांत भांडू शकत त्या काळी, तालुक्याच्या एका कचेरीत संगणक आणि प्रिंटर एकाच टेबलावर नांदत होते. खंडेनवमीला साहेबांनी दोघांची पूजा केली आणि मुहूर्त चांगला म्हणून लगेच संगणकात नवी प्रणाली भरली.

समोर सगुणाबाई दाखल्यासाठी उभ्या होत्या. तो संध्याकाळपर्यंत दिला नाही तर मुलीची वसतिगृहातली जागा जाणार होती.

संगणक जागा झाला आणि प्रिंटरला म्हणाला, "आपण कोण?"

"अरे मेल्या, मी प्रिंटर! तुझीच वायर माझ्या पाठीत आहे. बाई खोळंबल्यात, दाखला पाठव!"

"नव्या प्रणालीत आपली नोंद नाही. ओळखपत्र आणा."

"कुठून आणू?"

"मी तयार करून देतो. आपण फक्त छापून घ्या."

"कशावर छापू, तुझ्या टाळक्यावर?" प्रिंटर संतापाने थरथरला.

"प्रिंटरवर," संगणक अदबीने म्हणाला.

पाच वाजले. शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या.

"साहेब, झालं का हो?" सगुणाबाईंनी रडवेल्या आवाजात विचारले.

साहेब पडद्यावरचे नवे रंग कौतुकाने न्याहाळत होते. "झालं की! बघा, आता किती झटपट चालतोय!"