भुऱ्याचा खेळ

माणसं नि जनावरं एकाच भाषेत बोलायची, त्या काळी भुऱ्या कुत्रा गावभर मोकाट हिंडायचा. शेजारच्या गिरजाक्का त्याच्या धन्याला विनवायच्या, "म्हादूभाऊ, त्याला बांधा हो." म्हादू हसायचा, "चावतोय थोडाच!"

एकदा भुऱ्या गिरजाक्कांच्या गाभण शेळीमागे लागला. "थांब रे, पोटात करडू आहे!" ती ओरडली. भुऱ्याला वाटलं, हाही खेळच. शेळी बांधावरून कोसळली आणि करडू पोटातच दगावलं.

गिरजाक्का भांडल्या नाहीत, पण म्हादूशी पुन्हा बोलल्याही नाहीत. ओशाळलेल्या म्हादूने भुऱ्याला दाव्याला बांधलं.

भुऱ्या रोज कुंपणापलीकडे सांगायचा, "अगं, मी नुसता खेळत होतो."

"ठाऊक आहे मला," शेळी म्हणायची, आणि चरत चरत लांब निघून जायची.