धाकूचा वाटा

समुद्राकाठच्या एका गावात धाकू मेतर नावाचा एक मासेमार राहत होता. घरात तो आणि त्याची मुलगी केतकी, दोघंच. दारात एक जुनी होडी. माणूस कष्टाळू आणि सरळ, पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली, तर संध्याकाळच्या आत भरलेली वाटी परत जायची, तीही शीग लावून.

त्या गावात रापण ओढायची रीत होती. होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात सोडायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून साऱ्या गावानं मिळून ओढायचे. मासळी वाळूत आली, की तिचे वाटे पडत. वाटे घालायचं काम धाकूकडे असे, कारण त्यानं घातलेल्या वाट्यावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

केतकी हुशार निघाली. बारावी झाली, तालुक्याच्या कॉलेजात तिनं विज्ञानाला प्रवेश घेतला. अर्धी फी कशीबशी भरली. उरलेली दिवाळीआधी भरायची होती, नाहीतर नाव कमी होणार होतं. मग एक दिवस ती हसतच घरी आली. सरकारची शिष्यवृत्ती तिला मिळण्यासारखी होती. अर्जावर वडिलांची सही तेवढी हवी होती.

धाकूनं विचारलं, "परत कधी देवचे?"

"परत देवचे नाय, बाबा."

इथंच सगळं बिनसलं. कर्ज असतं, तर धाकूनं डोळे मिटून सही केली असती. "जे परत देवचे नाय, ते घेवचे पण नाय," तो म्हणाला. "भीक ती भीकच. मी होडी विकतंय."

"होडी विकलास तर मी कॉलेजात जावचंय नाय," केतकी म्हणाली. तीही त्याचीच मुलगी. मोडेन पण वाकणार नाही, हे तिला काय वेगळं शिकवायला हवं होतं?

आठ दिवस घरात अबोला राहिला. धाकूनं होडीला गिऱ्हाईक पाहिलं. ज्या दिवशी दुपारी तो माणूस इसार घेऊन येणार होता, नेमकी तीच अर्जाची शेवटची तारीख होती. धाकूला रात्रभर डोळा लागला नव्हता. होडी गेली तर पोटाचं काय, आणि होडी जाऊनही पोरगी घरी बसली तर? पण भीक घ्यायची नाही, म्हणजे नाही.

त्या दिवशी सकाळी रापण लागली. बांगडा भरपूर आला होता. धाकूनं नेहमीसारखे वाटे घातले. शेवटचा वाटा त्यानं गुणाजीच्या नावानं बाजूला काढला. गुणाजी पाय मोडून तीन महिने खाटेवर होता. त्याची बायको शेवंता टोपली घेऊन आली खरी, पण वाट्यापासून चार हात लांबच उभी राहिली.

"नको, धाकूदादा," ती म्हणाली. "ह्येंनी तीन महिने दोराक हात लावूक नाय. फुकटचो वाटो आमका नको."

धाकू भडकलाच. "फुकटचो म्हणान कोणी सांगल्यान तुका? इतकी वर्सां गुणाजी ओढी होतो, तेवां दुसऱ्या आजारी माणसांच्या घरात मासळी गेली. आज आमी ओढतोव. उद्या तो उबो रवलो, की परत ओढतलो. ह्यो वाटो आसा, भीक नाय! भर टोपली!"

शेवंतानं डोळे पुसले आणि टोपली भरली.

केतकी मागेच उभी होती. ती हळूच म्हणाली, "मग बाबा, माज्या वाट्याकच भीक कित्याक म्हणतास?"

जगाला शहाणपण शिकवायचं आणि आपल्या घरी मात्र अंधार, असं धाकूचं झालं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. मग तो हातांची वाळू झटकत म्हणाला, "एसटी किती वाजता आसा?"

अंगाला मासळीचा वास तसाच घेऊन तो केतकीबरोबर कॉलेजात पोचला. कार्यालयातल्या बाई कागद आवरत होत्या. धाकूनं सही केली. बाईंनी अर्ज तपासला, शिक्का मारला आणि त्या म्हणाल्या, "झालं. उरलेली फी आता शिष्यवृत्तीतून वळती होईल, काळजी करू नका."

केतकी दाराकडे वळली. धाकू मात्र तिथंच घुटमळला. "बाय, ह्यो पैसो खयसून येता?"

"लोकांनी भरलेल्या करातून. तुम्ही साबण, काडेपेटी विकत घेता ना? त्यातही कर असतो. तुमचेही त्यात चार पैसे आहेत."

धाकूचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे माजो पण हात दोराक लागललो आसा!"

बाईंना काही कळलं नाही. केतकीला कळलं, आणि आठ दिवसांनी बापलेक एकमेकांकडे बघून हसले.

घरी परतले, तर गिऱ्हाईक होडीला टेकून कंटाळून बसलं होतं. धाकूनं त्याच्या हातात चार बांगडे ठेवले. "होडी विकूची नाय. इतक्या लांब इलास, तर ह्ये घेवन जावा."

त्या रात्री धाकू गाढ झोपला. पुढं केतकी शिकून नोकरीला लागली. पहिल्या पगारातून तिनं त्याच कॉलेजात एका अनोळखी मुलीची फी भरली. धाकूला तिनं पत्रात एवढंच कळवलं, की बाबा, मी दोर धरला.

तात्पर्य: सर्वांनी मिळून राखलेला वाटा घेण्यात कमीपणा नाही, आपली पाळी आल्यावर दोर न धरण्यात मात्र आहे.