सलोख्याचं मडकं

फार जुन्या काळची ही गोष्ट. साल कोणालाच आठवत नाही, तिथी मात्र सगळ्यांना आठवते: माघ शुद्ध त्रयोदशी. आभाळ निरभ्र होतं, वारा उत्तरेचा होता, आणि गवतावर इतकं दव होतं की चालणाऱ्याचे पाय घोट्यापर्यंत भिजत होते.

एका डोंगराच्या उतारावर दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. मधे एक झरा होता. झऱ्यावरून भांडण झालं आणि खालच्या वाडीने झरा आपल्या अंगाला ठेवून वाटेवर बोराटीचं काटेरी कुंपण घातलं. तेव्हापासून इकडचं माणूस तिकडे जाईना आणि तिकडचं इकडे येईना.

वरच्या वाडीत झुंबराक्का राहत होती. तिची एकुलती लेक सगुणा खालच्या वाडीत दिलेली होती. कुंपण पडल्यावर सगुणाला मुलगा झाला. तो आता आठ महिन्यांचा होता, आणि आजीने त्याला फक्त काट्यांमधून पाहिलं होतं.

कुंपण काढायची एक रीत होती. दर माघी त्रयोदशीला कुंपणापाशी सलोख्याचं मडकं शिजवायचं. बकरं खालच्या वाडीने द्यायचं, रांधायचं वरच्या वाडीने. सूर्य डोंगराला टेकला की कुंपणाच्या दोन अंगांना बसून सगळ्यांनी त्या एकाच मडक्यातलं खायचं. सगळ्यांत वयस्क माणसाच्या पानात मांसाचा एक तुकडा जरी उरला, तरी सलोखा मोडला. कुंपण आणखी एक वर्ष तसंच. आणि ज्या हातच्या रांधण्याने मोडला, त्याच हाताने पुढच्या वर्षी पुन्हा रांधायचं.

मागल्या वर्षी तो हात झुंबराक्काचा होता.

सगळ्यांत वयस्क माणूस म्हणजे खालच्या वाडीचा सुभाना आजा. त्याच्या तोंडात दोनच दात उरले होते. मागल्या वर्षी झुंबराक्काने घाबरून सात वेळा झाकण उघडलं होतं आणि चार वेळा जाळ वाढवला होता. रस्सा आटला, तळ करपला, आणि मांस चामड्यासारखं राहिलं. आज्याने एक तुकडा बराच वेळ चघळला आणि पानाच्या कडेला ठेवून दिला.

यंदा सकाळी खालच्या वाडीचा कारभारी हैबती टोपली घेऊन कुंपणापाशी आला. त्याला झरा आपल्याकडेच हवा होता. टोपलीत होती मान, नळ्या आणि चार पाय.

"राण कुठे आहे? चापा कुठे आहेत? मऊ मांस सगळं कुठे गेलं?" वरच्या वाडीच्या म्हाळोजी कारभाऱ्याने विचारलं.

"रीत बकरं द्यायची आहे. कुठलं अंग द्यायचं ते रीतीत नाही," हैबती म्हणाला. "आणि बकरं मिळालं नाही, शेळी आहे. सात वेतांची."

"सात वेतांची! अरे, हिच्यापेक्षा तुझी आजी कोवळी असेल!"

हैबती हसत निघून गेला. झुंबराक्काने नळीचं मांस अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा जराही आत गेला नाही. ती एवढंच म्हणाली, "असू द्या. याला दिवसभर लागेल. मला दिवसभर द्या."

तिने मांस धुतलं, हळद-मीठ चोळलं, आलं, लसूण, कांदा आणि मिरी घातली, बेताचं पाणी ओतलं. मग झाकण ठेवून त्याच्या कडेने कणकेची जाड वळी लिंपली. खड्ड्यात गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांची आर केली, वर भाताचं तूस पसरलं, आणि मडकं त्यात गळ्यापर्यंत बसवलं. जाळ नाही, धूरही फारसा नाही.

असं बंद केलेलं मडकं काही सांगत नाही. त्याचा वास येत नाही, आवाज येत नाही. झुंबराक्का शेजारी बसली आणि सूर्याकडे बघत राहिली.

सूर्य कासराभर वर आला. म्हाळोजी आला.

"अक्का, वास येत नाही."

"तोंड बंद आहे, वास कुठून येईल?"

"शिजतंय ना पण?"

"शिजत असावं."

"असावं? असावं म्हणजे काय गं?" म्हाळोजी कपाळाला हात लावून गेला.

दुपारी तो दोन जाडजूड लाकडं घेऊन पुन्हा आला. "सारू का?"

"सारलीत तर खाली करपेल आणि आत तसंच राहील. मागल्या वर्षी मी तेच केलं."

"मागल्या वर्षीचं आठवतंय म्हणूनच विचारतोय! बायका दोन डोंगर ओलांडून पाणी आणतात, अक्का. एकदा उघडून बघ. एकदाच."

"सातही वेळा मी एकदाच म्हणाले होते," झुंबराक्का म्हणाली. म्हाळोजीने लाकडं तिथेच टाकली.

कुंपणापलीकडून हैबतीचा आवाज आला, "शिजतंय का झोपलंय?" तिकडची माणसं हसली. झुंबराक्काने मडक्याला हात लावला. ऊब होती. पण ती पुरेशी आहे का, हे हाताला कळेना.

उन्हं कलली तेव्हा सगुणा कुंपणापाशी येऊन उभी राहिली. कडेवर मूल होतं. काट्यांमधून त्याची एक मूठ दिसत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "शिजलं का गं?"

दिवसभर जे कोणाला जमलं नव्हतं ते त्या प्रश्नाने केलं. झुंबराक्काचा हात आपोआप कणकेकडे गेला. लेकीला हो म्हणता यावं, एवढ्यासाठीच तिला उघडायचं होतं. तेवढ्यात वाळलेल्या कणकेला बारीक चीर पडली आणि वाफेची एक रेघ बाहेर आली. चिरेत नख घातलं असतं तर झाकण निघालं असतं.

झुंबराक्काने ओल्या कणकेचा गोळा घेतला आणि चीर लिंपून टाकली. 

"ठाऊक नाही गं, बाळे," ती म्हणाली. "थांब. मी पण थांबलेय."

सूर्य डोंगराला टेकला. दोन्ही अंगांना पंगत बसली. कणीक फोडली, झाकण निघालं, आणि एवढा वेळ कोंडलेला वास एकदम दोन्ही वाड्यांत पसरला. हैबतीचं हसू थांबलं. झुंबराक्काने नळी पळीने उचलली. पळीत नुसतं हाड आलं. मांस खाली रश्श्यातच राहिलं होतं.

सुभाना आज्याला काट्यांवरून पान वाढलं. आजा सावकाश जेवला. मान खाल्ली, पाय चोखले, नळी जमिनीवर आपटून आतला मगज काढला. शेवटी बोटाने पान पुसलं.

"पोरी," तो म्हणाला, "दोनच दात आहेत मला. आज दोघांनाही सुट्टी दिलीस."

मग त्याने पान उलटं करून हैबतीला दाखवलं.

लहानांनो आणि थोरांनो, काळजी वाटली तर वाटू द्यावी, पण तिच्यापायी वेळेआधी झाकण उघडू नये.

सुभाना आज्याच्या पानाशेजारी नऊ हाडं निघाली, मांस एकावरही नव्हतं. अंधार पडायच्या आत कुंपण काढलं गेलं, आणि सगुणा मुलाला घेऊन आईच्या घरी तीन दिवस राहिली.