नाळेवरचा माणूस

एकदा एक वृद्ध तांडेल अरबस्तानच्या किनाऱ्याहून खजुराचे गलबत घेऊन कोकणाकडे निघाला होता. तांडेल म्हणजे गलबताचा धनी नव्हे. ते कुठून कसे न्यायचे हे जाणणारा, अठरा जणांचे प्राण ज्याच्या शब्दावर असतात तो. पण या खेपेला त्याने सुकाणू आपल्या शिष्याच्या हाती दिले होते. सात वर्षे पदरी राहिलेला शिष्य. गलबत सुखरूप बंदराला लावलेस तर तांडेलकीचा फेटा तुझ्या डोक्यावर, असे त्याला सर्वांदेखत सांगितले होते. आणि स्वतः म्हातारा मागे चटईवर पडून होता.

हा समुद्र मोठा लहरी. वर्षातून दोनदा वाऱ्याचे तोंड फिरते. हिवाळ्यात वारा जमिनीकडून वाहतो, त्यावर गलबते पश्चिमेला जातात. पावसाळा सरत आला की नैर्ऋत्येचा वारा त्यांना घरी आणतो. हजारो वर्षे मिरी, ऊद, घोडे, खजूर याच वाऱ्यांवर गेले-आले. पण भाद्रपदात आभाळ भरलेले असते. तीन रात्री तारा दिसला नव्हता. शिष्याने वाऱ्याच्या अंदाजाने हिशेब मांडला आणि जाहीर केले, की किनारा अजून दोन दिवस लांब आहे.

गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, धाकू नावाचा खलाशी बसे. पाण्यात जे दिसेल ते ओरडून सांगायचे, एवढेच त्याचे काम. त्या सकाळी तो ओरडला, "साप! डाव्या अंगाला साप!"

पट्ट्यापट्ट्यांचा, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा साप पाण्यावर आला, श्वास घेऊन पुन्हा बुडाला. थोड्या वेळाने दुसरा. मग तीन एकदम. प्रत्येक वेळी धाकूची आरोळी. गलबतावर खजुराचा व्यापारी होता, तो वैतागला. "अहो, सकाळपासून हा अपशकुन काय लावलाय? तुम्ही तर म्हणालात दोन दिवस आहेत. आणि साप दिसले की किनारा आला, असं खलाशी म्हणतात. खरं कोणाचं धरायचं?"

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन बुकं न शिकलेला हा खलाशी साऱ्या गलबतासमोर आपला हिशेब खोटा पाडतो! तो तरातरा पुढे गेला.

"धाकू, तोंड बंद कर. तांडेल तू की मी?"

"मी कुठं काय म्हणतो? दिसलं ते बोललो."

"दिसलं तर गिळ! ऊठ इथून. जा, मागे जाऊन पाणी उपस."

धाकू उठला. नाळ रिकामी झाली. समोर धुके होते, पण वारा सुरेख होता, शीड टम्म फुगले होते आणि गलबत भरधाव चालले होते. शिष्याला बरे वाटले. आता कसे शांत वाटतेय, असे व्यापारीही म्हणाला.

त्या शांततेनेच म्हातारा जागा झाला. अर्धवट झोपेत सापांच्या आरोळ्या कानी पडत होत्या, त्या थांबल्या होत्या. उठून बसला, कान देऊन ऐकले. खाली पाणी उपसणारा धाकू त्याला दिसला. त्याने एक शब्दही विचारला नाही. कुऱ्हाड उचलली, "बाजूला व्हा रे!" म्हणून गरजला आणि शिडाचा दोर एका घावात तोडला. शीड वरच्या आडव्या काठीसकट, परबाणासकट, धाडकन खाली आले आणि मधोमध फाटले.

"वेड लागलं का तुम्हाला, बाबा?" शिष्य किंचाळला. "असा वारा पुन्हा मिळणार आहे का? नवं शीड होतं!"

"नांगर टाका," म्हातारा खलाशांना म्हणाला. "आणि शिसं बांधलेली दोरी सोडून पाणी मोजा."

पाणी भरले जेमतेम पाच वाव, म्हणजे वीस हात. समोरचे धुके घटकाभराने विरळ झाले, तेव्हा साऱ्यांनी पाहिले. हाकेच्या अंतरावर खडकांची रांग होती आणि तिच्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या.

"हिशेब चुकला," शिष्य कसाबसा म्हणाला.

म्हाताऱ्याचा आवाज संतापाने थरथरत होता. "हिशेब माझाही चुकलाय, दहादा चुकलाय. त्याचा राग नाही मला. अरे, भर समुद्रात हे साप नसतात. त्यांना खाणं तळाशी आणि श्वास वर. म्हणून तळ जवळ असेल तिथंच ते राहतात. ही खूण आपल्याला फुकट मिळाली नाही. किती गलबतं फुटली, तेव्हा वाचलेल्यांनी ती सांगितली. आणि तू काय केलंस? तुझ्या मनासारखं बोलत नाही म्हणून डोळस माणसाला उठवून गलबत आंधळं केलंस! शीड पुन्हा शिवता येईल. ही अठरा माणसं कशानं शिवली असतीस?"

शिष्याची मान वर होईना. फेटा आता मिळणार नव्हता, हे त्याला कळले होते. पण त्याचे त्याला काही वाटत नव्हते याचेच त्याला नवल वाटले. तो धाकूजवळ जाऊन बसला.

"धाकू, साप सोडून आणखी काही पाहिलं होतंस?"

धाकूने बादलीतले पाणी बाहेर ओतले. मग म्हणाला, "काल दुपारपासनं पाणी हिरवं पडलं होतं."

"काल? मग काल का नाही बोललास?"

"निघालो त्या दिवशी मी म्हटलं होतं, पाण्याची ओढ पूर्वेला आहे, गलबत वाटतं त्याहून जास्त पळतंय. तुम्ही खेकसलात. मग म्हटलं, कशाला उगाच? आज साप बघून राहवलं नाही, इतकंच."

शिष्याने धाकूच्या हातातली बादली घेतली आणि पाणी उपसायला लागला.

आपल्या घरात, कचेरीत, गावात सारे कसे शांत आहे असे ज्याला वाटते, त्याने एकदा आठवून पाहावे, की शेवटचे कोणावर खेकसलो होतो.